विद्यापीठातील सलोखा : समारंभ की सहजीवन?

देशातील विद्यापीठांत सलोख्याचा एक ठरीव विधी रूढ झालेला आहे. १९ ते २५ नोव्हेंबर हा आठवडा ‘कौमी एकता सप्ताह’ म्हणून पाळावा, असे शासनाने कित्येक वर्षांपूर्वी ठरवून दिले. तेव्हापासून परिपत्रक निघते, सभागृह सजते, व्यासपीठावर एक शास्त्रीबुवा, एक मौलवी, एक पाद्री आणि एक भिक्षू यांना ओळीने बसविले जाते. समई पेटते. आपला धर्म शांतीच शिकवतो असे प्रत्येक जण सांगतो. विद्यार्थी हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतात, छायाचित्र निघते, अहवाल वर जातो. दुसऱ्या दिवशी त्याच महाविद्यालयातील मुसलमान विद्यार्थी भाड्याची खोली शोधत गावभर हिंडतो, आणि त्याने नाव सांगताच खोली कालच दिली गेल्याची घरमालकाला आठवण होते.

या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे कोणाला वाटतही नाही, हा खरा रोग होय. सलोखा ही केवळ भावनेची बाब मानली, की ती भाषणावर भागते. ती व्यवस्थेची बाब मानली, की प्रवेश, शुल्क, वसतिगृह, खानावळ आणि विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरची वस्ती या सर्वांचा हिशेब द्यावा लागतो. तो टाळण्यासाठीच समारंभ सोयीचा पडतो. भिन्न धर्मांची माणसे एका व्यासपीठावर बसल्याने एकत्र येत नाहीत. एका कामात, एका खर्चात आणि एका जोखमीत भागीदार झाल्याने येतात. हे समजून घेण्यासाठी परदेशांतील शांतता-संशोधन संस्थांकडे धाव घेण्याचे कारण नाही. असहकाराच्या चळवळीतून जन्मलेल्या राष्ट्रीय विद्यापीठांचा, त्यांतही जामिया मिल्लिया इस्लामियाचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

व्यासपीठाची एकी आणि कामाची एकी

जामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे झाली. सरकारी अनुदान झुगारून द्या, ही गांधीजी व अली बंधू यांची हाक अलीगढ कॉलेजच्या विश्वस्तांनी मानली नाही. काही विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी मात्र ती मानली आणि ते कॉलेजबाहेर पडले. मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते नव्या विद्यापीठाची स्थापना झाली. हकीम अजमल खान पहिले कुलपती व मौलाना महंमद अली पहिले कुलगुरू झाले. त्याच लाटेत अहमदाबादला गुजरात विद्यापीठ, बनारसला काशी विद्यापीठ आणि पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले.

त्या काळातील हिंदू-मुस्लिम एकीच्या आठवणी आजही गहिवरून सांगितल्या जातात. ती एकी खोटी नव्हती. परंतु तिचा पाया कच्चा होता. एका बाजूने खिलाफतीचे रक्षण आणि दुसऱ्या बाजूने स्वराज्य, अशी ती पुढाऱ्यांमधील देवघेव होती. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर असहकार मागे घेण्यात आला. मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच खिलाफत मोडीत काढली. देवघेवीचे कारण संपताच एकीही संपली आणि गावोगाव दंगली सुरू झाल्या. खिलाफत समितीच्या पैशावर चाललेल्या जामियाचा आधारही त्याबरोबर गेला. संस्था बंद करावी, असा विचार जाणत्या मंडळींतही बोलला जाऊ लागला.

जामियाचा खरा इतिहास येथून सुरू होतो. १९२५ साली संस्था दिल्लीच्या करोलबागेत हलविण्यात आली. जामियासाठी भिक्षापात्र हाती घेण्याची तयारी गांधीजींनी दाखवली. हकीमसाहेबांनी पदरमोड करून ती तगवली. १९२६ मध्ये जर्मनीतून शिकून आलेले तीन तरुण, झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि महंमद मुजीब, तिच्यात दाखल झाले. झाकिर हुसेन यांनी बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. कोणत्याही सरकारी कॉलेजात त्यांना मानाची व पगाराची जागा सहज मिळाली असती. त्यांनी कर्जात बुडालेली संस्था पत्करली आणि १९४८ पर्यंत तिचे कुलगुरूपद सांभाळले.

व्यासपीठावरची एकी पाच वर्षांत विरली. कामातून आलेली एकी पुढची बावीस वर्षे, फाळणीच्या वणव्यातही, टिकली. एकाच संस्थेच्या चरित्रात हे दोन्ही प्रयोग झाले असल्याने त्यांची तुलना करणे अवघड नाही.

दीडशे रुपयांची प्रतिज्ञा

डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान वारले आणि जामियाचा उरलासुरला आधारही तुटला. तेव्हा शिक्षकांनी स्वतःची संस्था स्थापन केली. वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली. प्रत्यक्षात तेवढे वेतनही पुष्कळदा हाती पडत नसे. डॉ. अन्सारी या नव्या संस्थेचे अध्यक्ष होते, झाकिर हुसेन चिटणीस आणि वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज खजिनदार. इस्लामी नावाच्या विद्यापीठाची थैली एका वैष्णव व्यापाऱ्याच्या हाती होती! यासाठी कोणी सर्वधर्मपरिषद भरवली नव्हती. संस्थेचा पैसा ज्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवता येतो, त्याच्या धर्माविषयी वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

बड्या देणग्यांवर विसंबून न राहता शफीकुर्रहमान किदवाई यांच्या पुढाकाराने ‘हमदर्दान-ए-जामिया’ ही हितचिंतकांची संघटना उभी राहिली आणि लहान लहान वर्गण्यांतून संस्थेचा खर्च भागू लागला. यामागील अर्थशास्त्र ध्यानात घेतले पाहिजे. ज्या संस्थेचा पैसा एका संस्थानिकाकडून, एका शेठजीकडून किंवा एका मंत्रालयाकडून येतो, तिला त्या दात्याच्या मर्जीप्रमाणे सलोखा किंवा द्वेष शिकवावा लागतो. शेकडो सामान्य माणसांच्या वर्गणीवर चालणारी संस्था त्या माणसांना जबाबदार राहते.

गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास यांनी जामियात काही काळ शिकवले. गेर्डा फिलिप्सबोर्न ही जर्मनीतील ज्यू तरुणी बर्लिनमधील ओळखीच्या धाग्याने जामियात आली, लहान मुलांच्या शिक्षणाला तिने स्वतःला वाहून घेतले, १९४३ साली तिचे निधन झाले आणि जामियाच्याच कब्रस्तानात तिला चिरविश्रांती मिळाली. नाझी राजवट ज्यूंच्या जिवावर उठली होती त्या काळात, एका ज्यू बाईला मुसलमान लेकरे ‘आपाजान’ म्हणत होती. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याच्या माळावर नव्या इमारतीचा पायाभरणी समारंभ झाला, तेव्हा पहिला दगड बसवण्याचा मान एखाद्या नवाबाला, मौलानाला अगर पुढाऱ्याला न देता शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याला देण्यात आला. समारंभच करावयाचा तर तो असा करता येतो.

वर्ध्याचा धडा

या प्रयोगाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध जमनालालजींपुरता मर्यादित नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि नव्या शिक्षणाची योजना आखण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा अशी माणसे त्या समितीत होती. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, हे योजनेचे सूत्र. ती आर्थिक दृष्ट्या कितपत व्यवहार्य होती, मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा कितपत रास्त होती, याविषयी मतभेदाला जागा आहे. खुद्द झाकिर हुसेन यांनीच या मुद्द्यावर सावधगिरीचा इशारा दिला होता. तथापि एक गोष्ट निर्विवाद होय. धर्माच्या तासाला मुले धर्मवार वेगळी होतात, चरख्यापाशी आणि शेताच्या बांधावर ती वेगळी होत नाहीत. सूत पिळदार निघाले की नाही, हे सूत काढणाऱ्याच्या धर्मावरून ठरत नाही.

मुस्लिम लीगने या योजनेवर हल्ला चढवला आणि ती मुसलमान मुलांना त्यांच्या संस्कृतीपासून तोडील असा ओरडा केला. योजनेचा प्रमुख शिल्पकार पाच वेळा नमाज जाणणारा, उर्दूचा रसिक मुसलमान होता, हे त्या ओरड्यात कोणाच्या कानी पडले नाही. दोन्हीकडच्या जमातवाद्यांना एकत्र प्रार्थनेची धास्ती वाटत नाही. एकत्र कामाची वाटते. प्रार्थना आटोपली की माणसे आपापल्या गल्लीत परततात, कामातून मात्र नवे संबंध जडतात आणि त्या संबंधांवर पुढाऱ्यांचा ताबा चालत नाही.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहाचेही मर्म हेच होते. जातिधर्माचा भेद न मानता मुले एका चुलीवर रांधत, एका पंगतीला जेवत आणि श्रम करून शिकत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुलांची उपासमार टाळण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही. समतेच्या त्या पंगतीचा खर्च कोणीतरी सोसला होता. खर्च न सोसता मिळणारा सलोखा कागदावरच राहतो.

आगीच्या दिवसांत

जामियाचा रौप्यमहोत्सव नोव्हेंबर १९४६ मध्ये झाला. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल झाली होती, पाठोपाठ नोआखाली आणि बिहार पेटले होते. अशा वेळी झाकिर हुसेन यांनी एकाच मांडवात नेहरू, आझाद, राजाजी आणि जीना, लियाकत अली यांना बसवले. तथापि पाहुण्यांची स्तुती करून त्यांनी समारंभ उरकला नाही. देशात आग लागलेली असताना शाळामास्तराने मुलांना माणुसकी कशी शिकवावी, ही आग कोणी लावली याचा वाद नंतर घाला, आधी ती विझवा, असे त्यांनी या सर्व मातब्बरांना समोरासमोर सुनावले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. आग मात्र विझली नाही. व्यासपीठ कितीही थोर असले तरी त्याला मर्यादा असते, हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झाले.

पुढच्या वर्षी त्या आगीने जामियालाच गाठले. करोलबागेतील तिचे पुस्तकभांडार लुटून जाळण्यात आले. ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरकडे निघालेले झाकिर हुसेन जालंधर स्थानकावर जमावाच्या हाती सापडले. त्यांना वाचवणाऱ्यांत एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी होता. सप्टेंबरात दिल्लीला पोहोचताच गांधीजी ओखल्याला जाऊन जामियाच्या लोकांना भेटले. त्यांना पाकिस्तानची वाट मोकळी होती. ज्यांनी बोचके बांधले त्यांना कोणी दोष दिला नसता. ते राहिले. जामियाच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत काम केले. ज्यांची पुस्तके जाळली गेली तेच लोक जळत्या शहरात सेवेला उभे राहिले. शांतिकार्य ही संज्ञा वापरावयाची तर ती अशा ठिकाणी वापरावी.

काशी विद्यापीठाचे उदाहरणही विसरता कामा नये. मार्च १९३१ मध्ये कानपूरला भीषण दंगल झाली आणि माणसे वाचवताना गणेश शंकर विद्यार्थी यांनी प्राण दिले. त्या दंगलीच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष काशी विद्यापीठाचे डॉ. भगवानदास होते. सर्व धर्मांच्या मूलभूत ऐक्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे. तरीही दंगलीच्या प्रश्नावर धर्मग्रंथांतील वचने गोळा करून ते थांबले नाहीत. हिंदू-मुसलमान सदस्यांच्या समितीने दंगलीचे राजकीय व ऐतिहासिक मूळ शोधणारा विस्तृत अहवाल तयार केला, आणि तो इंग्रज सरकारला इतका झोंबला की सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच विद्यापीठात आचार्य नरेंद्र देव यांनी वर्षानुवर्षे अध्यापन केले. पुढे हा मार्क्सवादी समाजवादी लखनौ विद्यापीठाचा आणि त्यानंतर ज्याच्या नावातच ‘हिंदू’ आहे त्या बनारसच्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला. विद्यापीठाच्या पाटीवर कोणत्या धर्माचे नाव आहे यापेक्षा आत कोणता व्यवहार चालतो, हेच निर्णायक असते.

कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे

याउलट पुरावाही उपलब्ध आहे. अशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अलीगढ आणि केरळातील कालिकत या दोन शहरांची तुलना केली. दोन्हीकडे मुसलमानांचे लोकसंख्येतील प्रमाण जवळपास सारखे. अलीगढ वारंवार पेटले, कालिकत शांत राहिले. कालिकतमध्ये व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये, क्लब, राजकीय पक्ष यांत हिंदू व मुसलमान एकत्र होते. अलीगढमध्ये असे सामाईक संघटन फारच दुबळे होते. नुसता शेजार पुरत नाही. अफवा पसरली असता एकमेकांच्या घरी जाऊन खातरजमा करणारी संघटना लागते, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

अलीगढमध्ये तर देशातील एक अग्रगण्य विद्यापीठ आहे. त्याने १९७८ ची दंगल थांबली नाही. डिसेंबर १९९० मध्ये तर विद्यापीठाच्याच रुग्णालयात रुग्णांना ठार मारल्याची धादांत खोटी बातमी वृत्तपत्रांनी छापली आणि आग भडकली. ज्या रुग्णालयात सर्व धर्मांचे रुग्ण उपचार घेत होते, त्याविषयीच गावाने असे काही खरे मानावे, याचा अर्थ गाव आणि विद्यापीठ यांच्यात विश्वासाचा पूल नव्हता. खोटी बातमी देणारे गुन्हेगार होतेच. परंतु खोटे खपले कसे, हा प्रश्न विद्यापीठांनीही स्वतःला विचारावयास हवा. महाराष्ट्रात भिवंडीने उलट दाखला दिला. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ साली शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. एका पोलीस अधिकाऱ्याला जे साधले ते शेकडो प्राध्यापक पदरी असलेल्या विद्यापीठांना का साधू नये?

तीन आक्षेप

या प्रतिपादनावर तीन बाजूंनी आक्षेप घेतले जातील. पहिला उजवीकडून येईल : जामिया ही मुसलमानांची संस्था, तिला २०११ साली अल्पसंख्याक संस्था म्हणून मान्यता मिळाली, ती सलोख्याचा नमुना कशी? ‘इस्लामिया’ हा शब्द गाळला तर हिंदूंकडून पैसा मिळणे सोपे जाईल, अशी सूचना पुढे आली असता गांधीजींनीच ती धुडकावली, असे सांगितले जाते. समान भूमीवर यायचे तर आधी स्वतःचे नाव पुसून या, ही अट सलोख्याची नव्हे. ती शरणागतीची अट होय. अल्पसंख्याकांची संस्था आणि विभक्ततेची संस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत. दार कोणासाठी उघडे आहे आणि आतील माणूस बाहेर कोणासाठी राबतो, ही खरी कसोटी. डिसेंबर २०१९ मध्ये पोलीस जामियाच्या आवारात आणि वाचनालयात घुसले. त्याच महिन्यात तिच्या प्रवेशद्वाराबाहेर मुसलमान आंदोलक नमाज पढत असता हिंदू व शीख सोबत्यांनी हातात हात गुंफून त्यांच्याभोवती कडे केले. त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाचे परिपत्रक निघाले नव्हते. नागरिकत्वाचा प्रश्न सर्वांचा आहे, ही जाणीव पुरेशी ठरली.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो : वर्गसंघर्ष तीव्र झाला, रोजगार वाढले की धर्मभेद आपोआप गळून पडतील, तेव्हा या भानगडीत शक्ती का घालवावी? हे ‘आपोआप’ फार महागात पडले आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगार एका खात्यात, एका संघटनेत होते. तरीही संप मोडल्यावर आणि गिरण्यांची धुराडी थंडावल्यावर त्याच वस्त्यांत जमातवादाने बघता बघता मूळ धरले. आर्थिक हितसंबंध माणसांना जवळ आणतात. त्यांना जवळ ठेवण्यासाठी मात्र जाणीवपूर्वक बांधलेली संस्था लागते.

तिसरा आक्षेप कुलगुरूंच्या दालनातून येतो : विद्यापीठात राजकारण नको, शांतता हवी. येथे शांतता या शब्दाचा अर्थ गप्प राहणे असा केलेला असतो. ज्या शांततेत अन्यायाविषयी प्रश्न विचारता येत नाही ती स्मशानशांतता होय. झाकिर हुसेन यांनी आपला महोत्सव गप्प राहून साजरा केला नव्हता.

वर्गात शेजारी बसणार कोण?

आता आजच्या आकड्यांकडे वळले पाहिजे, कारण सलोख्याचे सारे भाषण तेथे येऊन अडखळते. सच्चर समितीने २००६ साली सांगितले की, वीस वर्षे व त्यावरील वयाच्या मुसलमानांत पदवी अगर पदविका असलेले ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गातील ५० विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान होता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान १४.२ टक्के आहेत. केंद्र सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे २०२०-२१ साली देशातील सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांत मुसलमान सुमारे १९ लाख २१ हजार, म्हणजे ४.६ टक्के होते. आदल्या वर्षी ही संख्या २१ लाखांवर होती. ते टाळेबंदीचे वर्ष होते, हे खरे. पण त्याच वर्षी एकूण विद्यार्थिसंख्या वाढली, हेही तितकेच खरे. टाळेबंदीची कुऱ्हाड सर्वांवर सारखी पडली नाही.

अशा स्थितीत डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती बंद केल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २००९ पासून मुसलमान, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी संशोधकांना ती मिळत होती. इतर योजनांशी ती मिळतीजुळती आहे, असे कारण देण्यात आले. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांच्या शिष्यवृत्तीलाही त्याच सुमारास कात्री लागली. दर नोव्हेंबरात एकतेची प्रतिज्ञा द्यावयाची आणि ज्याच्याशी एकता साधावयाची त्याला वर्गाच्या दारातूनच परत पाठवावयाचे, असा हा कारभार आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एकच मुसलमान मुलगी असेल तर ती मैत्रीण होण्याआधी नमुना होते. एकही नसेल तर तिच्या समाजाविषयीचे ज्ञान भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या विषारी मजकुरातून मिळते. सलोख्याचा पहिला खर्च शुल्क आणि शिष्यवृत्ती या सदरांखाली मांडावा लागतो. तो ज्या अंदाजपत्रकात नाही, ते सलोख्याविषयी गंभीर नाही असे खुशाल समजावे.

प्राध्यापकवर्गालाही या हिशेबातून सूट मिळू नये. दीडशे रुपयांची प्रतिज्ञा आज कोणी कोणाकडून मागणार नाही. शिक्षकाने उपाशी राहून आदर्श घडवावा ही मागणी अन्यायाची आहे. परंतु सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी मोर्चे काढणाऱ्या संघटनांनी शिष्यवृत्ती बंद झालेल्या संशोधकांसाठी किती मोर्चे काढले? स्वतःच्या गृहनिर्माण संस्थेत मुसलमान सहकाऱ्याला सदनिका नाकारली जात असता किती जणांनी सर्वसाधारण सभेत उभे राहून विरोध नोंदवला? व्यासपीठावरचा सर्वधर्मसमभाव सोसायटीच्या फाटकापाशी संपतो, हे विद्यार्थ्यांना न सांगता कळते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पक्षाच्या युवक व विद्यार्थी कार्यकर्त्यांनी सलोख्याचे मेळावे भरवू नयेत असे नव्हे. मेळाव्याने काम झाले असे समजू नये. करावयाची कामे साधी आणि चिवट आहेत. आपल्या महाविद्यालयात कोणत्या समाजाची किती मुले दाखल झाली आणि किती मध्येच गळाली, याची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावयास लावावी. वसतिगृहातील खोल्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून व्हावे, ज्याला जे रुचते ते खाण्याची मुभा ठेवून खानावळ एकच राहावी, यासाठी झगडावे. बाहेर खोली नाकारली गेलेल्या विद्यार्थ्याबरोबर दुसऱ्या धर्माच्या चार विद्यार्थ्यांनी घरमालकाकडे जावे. भांडण करावयाचे म्हणून नव्हे, जामीन राहावयाचे म्हणून.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तास कामाची आणि सात दिवसांच्या शिबिराची अपेक्षा असते. हे तास रस्ते झाडण्याच्या छायाचित्रांत न घालवता प्रत्येक महाविद्यालयाने एक संमिश्र वस्ती निवडावी आणि तेथे वर्षानुवर्षे अभ्यासिका, प्रौढवर्ग, आरोग्याची नोंद असे काम चालू ठेवावे. विद्यार्थी बदलतील, वस्ती तीच राहील. अफवा उठलेल्या रात्री त्या वस्तीतील ओळखीचा माणूस हजार प्रतिज्ञांपेक्षा मोलाचा ठरतो. आणि दुर्दैवाने दंगल झालीच, तर अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या विभागांनी कानपूरच्या समितीचा कित्ता गिरवावा : कोणाची दुकाने जळली, ती जागा पुढे कोणाच्या ताब्यात गेली, कोणाची नोकरी सुटली, भरपाई कोणापर्यंत पोहोचली, हे घरोघर जाऊन टिपावे आणि छापावे. असा अहवाल सत्तेला रुचणार नाही. १९३१ च्या दंगलीचा अहवालही रुचला नव्हता.

यातील एकही काम वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकणारे नाही. काही कामांत मार खावा लागेल, काहींत आपल्याच आप्तांचा रोष ओढवेल, आणि कदाचित बरीच वर्षे फळ दिसणार नाही. जामियाच्या शिक्षकांनाही वीस वर्षांच्या शेवटी फाळणी पाहावी लागली. पण त्यांनी जोडलेली माणसे त्या रक्तपातातही एकमेकांपासून तुटली नाहीत. देशाची फाळणी रोखणे एका विद्यापीठाच्या आवाक्यात नव्हते. वसतिगृहातील खोल्यांची, खानावळीतील ताटांची आणि वर्गातील बाकांची फाळणी रोखणे मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या आवाक्यात आहे. ती आज उघड्या डोळ्यांसमोर होत आहे. ती रोखण्यासाठी कार्यकर्त्यांनी नोव्हेंबरच्या सप्ताहाची वाट पाहू नये. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहून प्रारंभ करावा.